इतर खर्च

परदेशी चलन घ्यायचं किंवा देशाबाहेर पैसे पाठवायचे म्हटलं की बँक एक फॉर्म पुढे करते. ए-टू असं त्याचं नाव. त्यात पैसे कशासाठी हवेत ते सांगावं लागतं, आणि तेही आपल्या शब्दांत नाही. रिझर्व्ह बँकेने प्रत्येक कारणाला एकेक क्रमांक देऊन ठेवला आहे. धंद्यासाठी जाणाऱ्याचा क्रमांक वेगळा, तीर्थयात्रेचा वेगळा, औषधोपचाराचा वेगळा, शिक्षणाचा वेगळा. या सगळ्यांच्या खाली एस ०३०६ : इतर प्रवास. सुट्टी म्हणून, हौस म्हणून, नुसतं मजेसाठी जाणारा माणूस या 'इतर'मध्ये बसतो.

मी सध्या तिथे बसले आहे.

पोलादपूर तालुक्यातल्या शाळांमध्ये तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले, आणि येत्या हिवाळ्यात टोकियोचं डिस्नेलँड बघायला एकटी जायचं ठरवलं आहे. नातेवाइकांना कळलंच आहे, बाकीच्या मंडळींना आज सांगते. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच होता, "कोणाबरोबर?" त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. दुसरा प्रश्न थोडा थांबून येतो, "पण कशासाठी?" हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. म्हटलं, आपल्या भागातून आजवर जे लोक लांब गेले त्यांनी या रकान्यात काय लिहिलं असेल? आणि खर्च कुणाच्या खात्यावर टाकला असेल? मग जुनी पुस्तकं आणि घरातल्या जुन्या वह्या काढून बसले.

पहिले आठवले ते अर्थातच गोडसे भटजी. वरसई आपल्याच जिल्ह्यातली, पेणजवळची. विष्णुभट १८५७ च्या सुरुवातीला काकांबरोबर, म्हणजे रामभटांबरोबर, उत्तरेकडे निघाले. कारण सरळ होतं. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दानधर्म अफाट होणार, अशी बातमी कोकणात आली होती आणि घरात कर्ज होतं. त्या काळच्या भिक्षुकाचं अंदाजपत्रक आपल्याला उलटं वाटेल असं असे. आपण आधी पैसे साठवतो आणि मग ते वाटेत खर्च करतो. ते जवळ जेमतेम वाटखर्ची घेऊन निघायचे आणि वाटेत मिळेल त्या दक्षिणेवर पुढे सरकायचे. प्रवास हा खर्चाचा बाब नव्हे, जमेचा. उरलेलं घरी आणायचं आणि सावकाराला द्यायचं.

काकांना सोबत घेण्यामागे भीती होती तसा हिशोबही होता. दोघांत एक चूल, दोघांत एक मुक्काम, एक स्नानाला गेला तर दुसरा सामानाजवळ. एकट्याने जाणं तेव्हा धाडसाचं होतंच, पण त्याआधी ते महाग होतं. (आजही आहे. पुढे सांगते.)

पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. वाटेत बंडाची बातमी आली. कमवायला निघालेला माणूस झाशीच्या वेढ्यात सापडला, शहर लुटलं गेलं तेव्हा हातचं गेलं आणि जवळपास तीन वर्षांनी वरसईला परतला तो गंगाजलाची कावड घेऊन. आईवडिलांना गंगेच्या पाण्याने स्नान घातलं, ही त्या सगळ्या खटाटोपाची शिल्लक. म्हणजे निघताना रकान्यात लिहिलेलं कारण होतं धंदा आणि परतल्यावरचं कारण झालं तीर्थयात्रा. 'माझा प्रवास' मी तीनदा वाचलं आहे. त्यात शहरं, देवळं, चालीरीती, वेढ्यातली भीती, सगळं इतक्या चवीने पाहिलेलं आहे की या माणसाला बघण्याची हौस नव्हती असं कुणी म्हणू नये. पण त्या हौसेला हिशोबात जागा नव्हती. ती फुकटात, आडवाटेने आली.

महाडच्या माणसाला पुढचं नाव सांगायला नको. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला जे घडलं त्याच्या चौदा वर्षं आधी, १९१३ साली, डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, म्हणजे आपल्याला लागूनच. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. आणि करार असा की शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कला राहायचं, खायचं आणि त्यातूनच पुस्तकं घ्यायची. त्यांनी ती शेकड्यांनी घेतली, आणि परतताना वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यातली बरीच १९१७ साली बोट बुडाल्याने समुद्रात गेली. अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज घेऊन. एकटा माणूस, परका देश, आणि एकेका पौंडाला जाब. तो जाब फक्त बडोद्याला द्यायचा नव्हता, मागे राहिलेल्या सगळ्यांना द्यायचा होता. अशा माणसाने एखादी दुपार नुसती भटकण्यात घालवली असेल का, असा प्रश्न मला पडतो. घालवली असावी अशी माझी आपली इच्छा आहे.

आणि जपानचंच म्हणाल तर महर्षी कर्वे. शेरवलीत जन्मलेला, मुरुडला वाढलेला हा कोकणातला माणूस. महिला विद्यापीठाची कल्पना त्यांच्या मनात पक्की झाली ती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. १९२९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, अण्णा जगप्रवासाला निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका आणि येताना जपान. माझ्या वयाचं कौतुक करणाऱ्यांनी हे वय लक्षात घ्यावं. :-) पण त्यांचाही प्रवास संस्थेसाठी. भाषणं द्यायची, विद्यापीठाची माहिती सांगायची, वर्गणी जमवायची. रकान्यात लिहायला कारण होतं, आणि फार मोठं होतं.

मोठी माणसं सोडा. आपल्या साध्या माणसांचंही तेच. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमधून गिरण्यांसाठी, गोदीसाठी, हॉटेलांसाठी पिढ्यान् पिढ्या मुंबईला माणसं गेली. घर मनिऑर्डरीवर चाललं. सावित्रीच्या खाडीकाठच्या मुसलमान मोहल्ल्यांमधून तरुण आगबोटींवर गेले, आफ्रिकेत गेले आणि १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तसे आखातात गेले. आमच्या महाडात परदेश बघितलेली माणसं कधीच कमी नव्हती. कुवेत, दुबई, मस्कत ही नावं बाजारात पुण्याइतकीच सहज घेतली जात. पण तिकडून आलेल्याला कुणी "काय पाहिलंस?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. "किती सुटतात?" हे विचारायचे. तोही बिचारा तेवढंच सांगायचा. दोन वर्षांनी आलेला माणूस, त्याच्या बॅगेत सगळ्यांसाठी काहीतरी असायचं, स्वतःसाठी काय आणलं हे मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आता सरकारचं ऐका, कारण मजेचा हिशोब घरानेच अडवला असं नाही. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई इतकी की १९५७ पासून नुसत्या हौशी परदेश प्रवासाला चलन मिळणं जवळजवळ बंद झालं. तिकीट काढायला पी फॉर्म लागायचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेची मंजुरी. त्या पिढीतला कुणीही भेटला की आठ डॉलरची गोष्ट सांगतोच. विमानात बसताना खिशात अधिकृत आठ डॉलर, पुढचं नशीब आणि तिकडे असलेला कुणीतरी मामेभाऊ. १ जानेवारी १९७४ पासून फेरा कायदा लागू झाला आणि परवानगीशिवाय परकीय चलन बाळगणं हा सरळ गुन्हा. पु.लं.ची 'अपूर्वाई' १९६० ची. ती वाचून सगळ्या महाराष्ट्राला लंडन-पॅरिसची स्वप्नं पडली, पण पु.ल. स्वतः गेले होते ते आकाशवाणीच्या नोकरीत असताना, दूरचित्रवाणीचं तंत्र शिकायला. म्हणजे रकाना : शिक्षण. आम्ही ते पुस्तक वाचूनच युरोप केला, त्याला चलन लागत नव्हतं.

हे सगळं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. धान्य आणि यंत्रं आणायला जे डॉलर पुरत नाहीत ते कुणाच्या सहलीला का द्यावे, हा युक्तिवाद मला आजही खोटा वाटत नाही. १९९१ मध्ये तर देशाचं सोनं परदेशात गहाण टाकावं लागलं. जुलैत रिझर्व्ह बँकेने सत्तेचाळीस टन सोनं बाहेर पाठवलं. घरातले दागिने सावकाराकडे गेलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या बातमीचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागला नाही. पुढे मात्र फार पटापट बदललं. १ जून २००० ला फेरा जाऊन फेमा आला. फेब्रुवारी २००४ मध्ये माणशी वर्षाला पंचवीस हजार डॉलरपर्यंत बाहेर नेण्याची मुभा मिळाली आणि २०१५ मध्ये ती मर्यादा अडीच लाख डॉलर झाली. आठ डॉलरपासून अडीच लाखांपर्यंत, एका आयुष्यात! सरकारने हात काढून घेतला. राहिला तो 'इतर' हा शब्द.

तेव्हा माझ्या मनात आलं की आपल्याकडे मजेचं खातं कधी नव्हतंच का?

वडिलांचं महाडच्या बाजारपेठेत किराणा दुकान होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याच्या बहुतेक वह्या गेल्या. त्या पुराविषयी इथे लिहीत नाही, ज्यांनी तो काढला त्यांना सांगायला नको. माळ्यावर होत्या म्हणून दोन खतावण्या वाचल्या, त्यातली एक १९७४ ते ७६ ची. वडिलांचं अक्षर मोत्यासारखं. घरखर्च, धर्मादाय, दुकानभाडं, हमाली. मुंबईला जाणं-येणं आहे, 'माल खरेदी' म्हणून. पंढरपूर आहे, आजीबरोबर. आत्याच्या बाळंतपणाला जाणं आहे. महाबळेश्वर आमच्या डोक्यावर, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की आलंच, पण तीन वर्षांत त्याची एकही नोंद नाही. आणि मग 'किरकोळ' या सदरात, महाशिवरात्रीच्या सुमाराला, तिन्ही वर्षी एक ओळ : मुलं, छबिना, खर्ची, रु. ३.

बाहेरच्यांसाठी सांगते, छबिना म्हणजे आमच्या वीरेश्वराचा उत्सव. गावोगावच्या देवांच्या पालख्या येतात, सासनकाठ्या नाचतात आणि भोवती जत्रा भरते. खर्ची म्हणजे त्या जत्रेत उडवायला मुलांना मिळणारे पैसे. मोलस्वर्थ काय म्हणतो ते राहू द्या, आमच्या घरातला अर्थ असा : ज्या पैशाचा हिशोब परत द्यावा लागत नाही तो. तीन भावंडांत तीन रुपये. भाऊ बंदुकीने फुगे फोडायचा, ताई बांगड्या घ्यायची, मी पाळण्यात बसायचे. लाकडी पाळणा, चार पेट्यांचा, दोन माणसं हाताने ओढून फिरवायची. वर गेलं की क्षणभर सगळं महाड खाली, आणि पोटात गोळा. खाली आल्यावर कुणी "कशासाठी बसलीस?" असं विचारत नसे. हिशोबाला कडक असलेल्या आमच्या दुकानदार बापाने या एकाच गोष्टीचा जाब कधी मागितला नाही. नोंद मात्र केली. म्हणजे खातं होतं. लहान होतं, वर्षातून एकदा उघडायचं, फक्त मुलांसाठी होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी दिलं तरच त्यात जमा व्हायची.

हाच पाळणा पोलादाचा होऊन १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभा राहिला. फेरिस नावाच्या इंजिनियरचा, दोनशे चौसष्ट फूट उंच, बसायला पन्नास सेंट. (विवेकानंदांचं भाषण झालं ती धर्मपरिषद याच प्रदर्शनाचा भाग.) त्या प्रदर्शनाच्या बांधकामावर इलायस डिस्ने नावाचा सुतार कामाला होता. त्याचा मुलगा वॉल्ट. त्याने १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, आणि अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्नेलँड टोकियोजवळ १५ एप्रिल १९८३ ला उघडलं. जागेला उरायासू म्हणतात. तिथे पूर्वी मासेमारी चालायची. कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले आणि समुद्रात भराव घालून जमीन केली. सावित्रीकाठच्या माणसाला हे वाचून वेगळंच काही आठवेल, पण तो विषय आज नको. त्याच १९८३ साली आपल्याकडे कामासाठी देशाबाहेर जाणाऱ्यांचा नवा कायदा झाला. जपानी माणूस पाळण्यात बसायला निघाला होता, आमचा माणूस मस्कतला सेंट्रिंग ठोकायला.

उघडलं तेव्हा टोकियोचं दिवसभराचं तिकीट ३,९०० येन होतं, तेव्हाच्या दराने आपले दीडशे-पावणेदोनशे रुपये. ऑक्टोबर २०२३ पासून ते दिवस पाहून ७,९०० पासून १०,९०० येनांपर्यंत झालं. शनिवार-रविवार, सुट्ट्या महाग. मधला वार, थंडीचे दिवस स्वस्त. हे समजलं आणि माझा अर्धा आराखडा तयार झाला. जत्रेत शेवटच्या दिवशी भाव उतरतात, तसलाच प्रकार.

आता हिशोब. आधी टूरवाल्यांकडे चौकशी केली. जाहिरातीतला दर 'ट्विन शेअरिंग'चा असतो, म्हणजे दोघांत एक खोली. एकट्या माणसाने त्यावर आणखी भरायचं, आणि तो आकडा ऐकून मला रामभट काका आठवले. म्हणून स्वतःच जुळवायला घेतलं. वही घातली, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. येन साठ पैशांचा धरला, थोडा चढाच. विमान जाऊन-येऊन साठ हजार. खोली एकटीची, लहान, सहा रात्री, रोजचे नऊ हजार येन, म्हणजे बत्तीस हजार चारशे रुपये. सगळ्या खर्चात एकटेपणाचा दंड असेल तर तो इथेच. उद्यानाचे दोन दिवस, एक डिस्नेलँड आणि एक शेजारचं डिस्नेसी, मधल्या वारी, मिळून सुमारे अकरा हजार तीनशे. जेवण रोज तीन हजार येन धरलं, सहा दिवसांचे दहा हजार आठशे. मी शाकाहारी, त्यामुळे यातले काही वाचतील आणि काही दिवस भूक मोडेल. गाडीभाडं सहा हजार. टोकियो स्टेशनातून केइयो लाइनची गाडी पकडली की पंधरा-एक मिनिटांत माइहामा, तिथे उतरलं की समोरच दार. व्हिसा, विमा, सिमकार्ड मिळून सहा हजार. भाचरांसाठी खाऊ सहा हजार, त्यांनी यावरून भांडू नये. बेरीज एक लाख बत्तीस हजार पाचशे, वर दहा टक्के अडीअडचणीला. एक लाख शेचाळीस हजार.

डाव्या पानावर पोस्टातली आरडी. पाच वर्षांची, नोकरीत असतानाच सुरू केलेली. तेव्हा तिला काही नाव दिलं नव्हतं.

आकडा लिहिल्यावर मी दोन दिवस वही उघडली नाही. पुरात ज्यांची दुकानं गेली त्यातले काही अजून कर्ज फेडताहेत. दीड लाखात आमच्या वाडीतल्या शाळेचं छप्पर होईल, हे मला कुणी सांगायची गरज नाही, मीच अंदाजपत्रकं करून पाठवत असे. या विचाराला उत्तर नाही. तो प्रत्येक खर्चाला लावता येतो आणि आपण तो लग्नाच्या हॉलला लावत नाही, कारण लग्नाच्या खर्चाला खातं आहे. आमच्याकडे बाईमाणसाने पंढरपूरला, काशीला, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेलासुद्धा जावं, कुणी विचारत नाही. माझ्या दोन मैत्रिणी सहा-सहा महिने न्यू जर्सीला राहून आल्या. नातवंडाला अंघोळ घातली आणि परत आल्या. त्यांचं तिकीट मुलांनी काढलं, रकाना भरलेला होता.

छपरासाठी मी वेगळे पैसे दिले आहेत, किती ते सांगत नाही, ते 'धर्मादाय'मध्ये गेले. हे 'किरकोळ'मधले.

वहिनीने परवा विचारलं, "पाळण्यात बसणार का खरंच, या वयात?" म्हटलं, रक्तदाब तपासून घेतला आहे, डॉक्टर म्हणाले, फार आपटणारे सोडून बाकीच्यात बसा. तशी यादी केली आहे. रायगडावर तीन वेळा पायऱ्यांनी चढले आहे त्यामानाने हे काहीच नाही.

तारीख फेब्रुवारीतली धरते आहे. थंडी असेल, पण तिकीट स्वस्त आणि गर्दी कमी. छबिन्याच्या आत परत येईन. भाच्याने बँकेतून ए-टू फॉर्म आणून ठेवला आहे. नाव, पत्ता, पॅन क्रमांक सगळं भरलं. कारणाच्या रकान्यात एस ०३०६ लिहिलं. निळ्या पेनने, कारण काळ्याची शाई पसरते.